खाडीच्या तोंडाशी, एसटीच्या तिकिटात

२५ एप्रिल २०२४ रोजी व्हेनिस शहराने दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क बसवले. गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी परतायचे असेल, तर शहरात पाऊल ठेवण्याआधी माणशी ५ युरो भरायचे. पुढच्या वर्षी ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ते १० झाले. पलीकडे क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला जुन्या शहराच्या तटावरून दोनेक किलोमीटरची फेरी मारायला त्याच २०२४ साली ३५ युरो मोजावे लागत, म्हणजे आपले तीन हजारांहून जास्त. भूमध्य समुद्राकाठची ही शहरे देखणी आहेत आणि त्यांची निगा राखायला पैसा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौघांच्या मराठी कुटुंबाने तिकडे जायचे म्हटले, तर विमानाच्या तिकिटापासून पाण्याच्या बाटलीपर्यंतचा हिशेब मांडता मांडताच बेत पुढच्या वर्षावर जातो.

मला इथे दुसरा बेत सुचवायचा आहे. त्याच भूमध्य समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वी नावानिशी ठाऊक असलेले एक बंदर आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. त्याला तट आहे, बुरूज आहेत, पडझड झालेली चर्चे आहेत, घुमटाचा हमाम आहे, पुष्करणीकाठचे शिवालय आहे. खाडीपलीकडच्या गावात पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली आजही घरात बोलली जाते. आणि यातल्या कशालाही तिकीटखिडकी नाही.

हे बंदर म्हणजे चौल आणि त्याला चिकटलेले रेवदंडा. नाव नवे नाही. शनिवारी मुंबईहून गाडी काढायची, अलिबागला उतरायचे, नागावच्या किनाऱ्यावर वाळूत बसायचे, मासळीची थाळी खायची आणि रविवारी परतताना रेवदंड्याच्या तटाशी फोटो काढायचे, इतके चौल पुष्कळांचे झालेले असते. माझे म्हणणे असे की चौल त्या बाजूने बघूच नये. ते पेण आणि रोह्याकडून बघावे, मेमूने आणि एसटीने. खर्च वाचतो हे एक कारण झाले. दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. या दोन गावांकडून निघाले की चौल कशामुळे उभे राहिले ते रस्त्यातच समजत जाते.

कोकणातले जुने बंदर समुद्राच्या तोंडाशी एकटे कधीच उभे नसते. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल जिथे पडावात चढतो, ते खाडीच्या आतले गाव त्याच्या पाठीशी असते. भरतीचे पाणी जिथवर पोचते तिथवर होडी येते, आणि तिथेच पेठ वसते. पेणला भोगावती आहे, नागोठण्याला अंबा. दोघी धरमतरच्या खाडीला मिळतात. रोह्याची कुंडलिका मात्र सरळ चौलच्या तोंडाशी समुद्राला भेटते. होड्या गेल्या, बैलांचे तांडे गेले, पण गावे जागची हलली नाहीत. म्हणून आज पेण आणि रोह्याच्या एसटी स्टँडवरून गाड्या ज्या दिशांना फुटतात, त्या दिशा मूळच्या त्या पेठांच्याच आहेत.

पेणपासून सुरुवात करू. मुंबई, ठाणे, पनवेलच्या माणसाला पेण गाठायला मेमू आहे आणि तिचे तिकीट वडापावच्या हिशेबातले आहे. पेणच्या आधी हमरापूर लागते. हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींवर जगतात. अंगणात, ओटीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, कुठेही बघावे तर गणपतीच्या रांगा. पर्यटनाच्या यादीत हे बसत नाही, पण पेणला पैसे न देता बघण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे. कारखान्याच्या दाराशी उभे राहून "काका, जरा बघू का?" म्हटले, की बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. फक्त हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत जाऊ नये. तेव्हा त्यांना मान वर करायलाही फुरसत नसते.

बघायचीच असेल तर डोळ्यांची आखणी बघावी. बाकी सगळी कामे वाटून केलेली असतात. कोणी साच्यातून काढतो, कोणी घासकाम करतो, बायका अंगाचा रंग आणि सोवळ्याची किनार भरतात. डोळ्याला मात्र ठरलेलाच माणूस बसतो. मूर्ती मांडीजवळ ओढून घेतो, डावा हात सोंडेच्या बाजूला टेकवतो, उजव्या हाताची करंगळी गालावर ठेवून तिच्या आधाराने कुंचला फिरवतो. आधी वरच्या पापणीची रेघ, एका दमात. मग खालची, त्याहून बारीक. बुबुळ भरून झाले की पांढऱ्याचा एक ठिपका. तो ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडला पाहिजे, नाहीतर मूर्ती तिरके बघते. रेघ ओढताना तो माणूस बोलत नाही आणि शेजारचाही त्याच्याशी बोलत नाही. घरी आरतीला उभे राहताना आपण ज्या नजरेकडे बघतो ती कुणाच्या हातची, हे एकदा समोर बघितलेले असावे.

पेणची दुसरी ओळख पोह्यांची. पातळ पोहे, पोह्याचे पापड, मिरगुंडे यांची दुकाने बाजारात ओळीने आहेत. वाटखर्चात बसणारी आणि घरी नेल्यावर दोन महिने टिकणारी खरेदी ही एवढीच. पोह्यांवरून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याला परत समुद्राकडे नेते. या तालुक्यांत पिढ्यानपिढ्या बेने इस्रायली राहिले. परंपरा अशी की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि वाचलेली माणसे इथलीच झाली. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शब्बाथ पाळायचा म्हणून ते शनिवारी घाणा बंद ठेवत, तर लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांची आडनावे पेणकर, अष्टमकर, चेऊलकर अशी, ज्या गावात राहिले त्या गावची. त्यांचा मलिदा नावाचा विधी आहे. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या स्मरणात ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरे आणि फळे मांडतात. जगातल्या इतर ज्यूंकडे हे ताट नाही, ते कोकणातच तयार झाले. १९४८नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, आणि पोह्यांचे ते ताट त्यांच्यासोबत भूमध्य समुद्राच्या काठी पोचले. पेणमध्ये त्यांचे सिनेगॉग आहे. बघायला जायचे तर ते प्रार्थनास्थळ आहे हे ध्यानात ठेवून, विचारून जावे.

पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५चे. वेळ असेल त्याने तिकडे वाट वाकडी करावी. मला मात्र आता रोह्याची गाडी पकडायची आहे.

पेण ते रोहा हा मेमूचा टप्पा तासाभराच्या आसपासचा. कासू जाते, नागोठणे येते. इथे उतरावे, पुढच्या गाडीची वेळ स्टेशनवरच विचारून ठेवावी आणि गावाकडे चालत निघावे. अंबा नदीवर दगडी कमानींचा एक अरुंद जुना पूल आहे. जिल्ह्याच्या गॅझेटियरप्रमाणे तो १५८०च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीनने बांधला आणि त्याला ३ लाख रुपये लागले. चौलचा काझी इतक्या आत नागोठण्याला पूल कशासाठी बांधतो? नकाशावर बोट फिरवले की उत्तर मिळते. चौलहून जमिनीने घाटाकडे निघाले की अंबा ओलांडावी लागते, आणि पावसाळ्यात अंबा कुणाला जुमानत नाही. नदी अडली की बंदराचा माल अडला, फौजही अडली. तेव्हा चौल निजामशाहीच्या मुलखात होते, फक्त रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांच्या हातात. त्या काळच्या ३ लाख रुपयांना किती महत्त्व असेल, याचा विचार पुलावर उभे राहून करावा. पायाखालचा रस्ता एवढा अरुंद आहे की समोरून बैलगाडी आली तर माणसाने कठड्याला टेकावे. याच नागोठण्यापर्यंत पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईहून आगबोटी येत, आणि महाबळेश्वरला निघालेले साहेबलोक इथे उतरून पुढची वाट धरत.

इथून पाली जवळच. अष्टविनायकातल्या बल्लाळेश्वराला जाणाऱ्यांना हा फाटा पाठ असतो. पण पालीचे नाव १५व्या शतकातच एका रशियन माणसाच्या वहीत आले आहे. अफानासी निकितिन हा त्व्येर गावचा व्यापारी १४६९च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. घोडा विकून नफा कमवायचा, एवढाच त्याचा बेत. चौलहून तो पालीला गेला, तिथून मजल दरमजल करत घाट चढून जुन्नरला पोचला. चौल ते पाली त्याला आठ दिवस लागले. आज रेवदंड्याहून सकाळी निघालेला माणूस दोन एसट्या बदलून दुपारच्या जेवणाला पालीत असतो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीने परत दिला, हेही त्याने लिहून ठेवले आहे. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली. त्याच्या जवळजवळ तीन दशके आधी युरोपातला एक साधा व्यापारी आपल्या पेण-पालीच्या मुलखातून घोड्याचा लगाम धरून गेला होता. रेवदंड्याला आता त्याचे स्मारक आहे.

रोह्याला उतरले की कोकण रेल्वे इथून सुरू होते हे आठवते. २६ जानेवारी १९९८ला देशाला अर्पण झालेला तो मार्ग रोह्यापासून मोजतात. गाव नदीच्या दोन्ही तीरांवर, अलीकडे रोहा, पलीकडे अष्टमी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण इथले. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म इथला, १९ ऑक्टोबर १९२०चा. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना असते. दसऱ्याच्या सुमारास या गावात येणाऱ्याने पालखी बघितल्याशिवाय जाऊ नये. सगळे गाव त्या रात्री रस्त्यावर असते.

रोह्यात मुक्काम करावा असा माझा आग्रह आहे. अलिबाग-नागावच्या मानाने लॉज स्वस्त आहेत, खानावळी घरगुती आहेत, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ दोन जागांपैकी एकीला देता येते.

पहिली जागा अवचितगड. गावापासून चारपाच किलोमीटरवर, जंगलातून चढणारी वाट. पिंगळसई किंवा मेढ्याच्या बाजूने वर जाता येते. बारा कोनांचा तलाव, महादेवाचे देऊळ, तोफा, आणि दक्षिणेच्या बुरुजावर एक शिलालेख आहे. त्यात शके १७१८, नल नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काळ कोरला आहे. म्हणजे १७९६चा गुढीपाडवा. वरून कुंडलिकेचे वळण उघडे दिसते आणि खाली रोह्याची वस्ती. किल्ला कशावर नजर ठेवायला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळा संपल्यावर पहिल्या महिन्यात गवत छातीएवढे असते, तेव्हा गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याच्या श्रमाचे पैसे न घासता द्यावेत. स्वस्त प्रवासाचा अर्थ गावकऱ्याकडून फुकट काम करून घेणे असा होऊ नये.

दुसरी जागा मला अवचितगडाहूनही अधिक आवडते, पण तिथे पोचायला चिकाटी लागते. तळा तालुक्यात मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. डोंगराच्या कुशीत २६ बौद्ध लेणी, समोर राजपुरीच्या खाडीचा आतला फाटा. एसटी मोजक्या आहेत. उतरताना परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारली नाही तर फसगत ठरलेली. चढून गेले की बहुतेक वेळा सोबतीला फक्त वटवाघळे असतात. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आगेमागे कोरलेल्या या लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत, आणि ती वाचून पंडितांनी जे सांगितले ते मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठे वाटते. इथल्या महाभोज घराण्याच्या माणसांसोबत एक वैद्य आहे, एक माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. कुणी लेणे कोरवले, कुणी पाण्याचे टाके. कऱ्हाडचा लोखंडवाला घाट उतरून इथे येतो आणि दान देण्याइतका इथला होतो, यावरून या खाडीवर केवढी उलाढाल असेल ते समजते. फुलमाळा विकणाऱ्याच्या गाठीला लेण्याइतका पैसा साठत होता! पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने हिंदी महासागराच्या बंदरांची यादी केली. त्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणनंतर सेमिल्ला येते आणि तिच्यामागोमाग मंदगोरा. सेमिल्ला म्हणजे चौल. मंदगोरा म्हणजे हेच मांदाड, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. इथून गेलेला माल तांबड्या समुद्रात इजिप्तच्या बंदरांवर उतरे, वाळवंटातून उंटांवर नाईलपर्यंत जाई, आणि नाईलमधून अलेक्झांड्रियाला. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावरून पुढे सगळा भूमध्य समुद्र मोकळा. कन्हेरीच्या शिलालेखांतही चेमुलच्या, म्हणजे चौलच्या, दात्यांची नावे आहेत.

आता कुंडलिकेच्या बरोबरीने खाली जायचे. रोह्याहून चणेऱ्यावरून साळावकडे जाणारी एसटी खिडकीत बसून घ्यावी आणि शक्यतो उजव्या हाताची. नदी दिसते, लपते, परत येते तेव्हा रुंद झालेली असते. चणेऱ्याजवळ बिरवाडीचा किल्ला लागतो, शिवकालीन, छोटा. पुढे तिवरे दाट होतात, पाण्याचा रंग बदलतो, वाऱ्याला मिठाचा वास येतो. घाटावरचा माल ज्या पाण्याने चौलला जाई त्याच्याच काठाने आपण चाललेलो असतो. एखाद्या खासगी सहलीच्या गाडीला ही वाट सुचत नाही, कारण ती लांबची आणि वळणाची आहे. एसटीला सुचते, कारण वाटेतल्या प्रत्येक गावाला रोह्याच्या बाजारात यायचे असते. माझ्या शेजारी बसलेल्या एका मावशींच्या टोपलीत वालाच्या शेंगा होत्या. कुठे निघालात, असे मी विचारले तर म्हणाल्या, "लेकीकडं. जावयाला पोपटी लागते ना." पोपटी हे थंडीतले इथले खाणे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, जमल्यास अंडी-कोंबडी, आणि मडके शेतात उलटे ठेवून भोवती जाळ. हॉटेलात ती मिळते, पण चव शेतातलीच.

साळावला उतरले की समोर पूल, पुलापलीकडे रेवदंडा. आधी अलीकडच्या तीरावरच्या कोर्लईला जाऊन यावे. कोर्लईचा डोंगर समुद्रात नाकासारखा घुसलेला, त्यावर लांबट किल्ला, खाली दीपगृह. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला आणि १७३९मध्ये सुभानराव माणकरांनी मराठ्यांसाठी घेतला. चढ अर्ध्या तासाचा. वर गेले की खाडीचे तोंड एका नजरेत येते: अलीकडे हा किल्ला, पलीकडे रेवदंड्याचा कोट, मधून प्रत्येक गलबताला जावे लागणारे पाणी.

याच पाण्यात मार्च १५०८मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत पडला. मसाल्याचा व्यापार पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून पळवला तर अलेक्झांड्रिया आणि व्हेनिस दोन्ही बुडणार होती, म्हणून ती लढाई चौलच्या दारात झाली. आज प्रवेशशुल्क घेणाऱ्या व्हेनिसचे पोट तेव्हा या खाडीवर अवलंबून होते, हे तिथे उभे राहिल्यावर पटते.

कोर्लई गावात ख्रिस्ती पाड्यातली माणसे एक वेगळी बोली बोलतात. मूळ पोर्तुगीज, तिच्यावर मराठीचा चारशे-पाचशे वर्षांचा संस्कार. बोलणारे सुमारे हजारभर. १७४०मध्ये पोर्तुगीज गेले, बोली राहिली. ऐकायला मिळाली तर भाग्य. पण कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरून "बोलून दाखवा" म्हणू नये. ते त्यांचे घर आहे.

रेवदंड्यात शिरताना रस्ताच तटाच्या दरवाजातून जातो. १५२१मध्ये निजामशाहीकडून परवानगी घेऊन पोर्तुगीजांनी इथे बांधकाम सुरू केले. १५७०-७१च्या वेढ्यात मुर्तझा निजामशहाच्या फौजेने कोट फोडायचा कसून प्रयत्न केला, तो फसला. शेवटी १७४०च्या तहाने तो मराठ्यांकडे आला. आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरे आहेत, शाळेतून सायकलवर परतणारी मुले आहेत. कोट रिकामा करून दाखवायला ठेवलेला नाही, त्यात गाव नांदते आहे. वाड्यांतून वाट काढत सातखणीपर्यंत जावे. फ्रान्सिस्कन मठाचा हा उंच मनोरा एके काळी सात मजल्यांचा होता. वरचे मजले कोसळले, उरलेले पोफळींच्या वर डोके काढून आहेत. पायथ्याला गंजलेल्या तोफा पडल्या आहेत. जवळ जाऊन भिंतीला हात लावावा. चुना अजून घट्ट, दगडांच्या सांध्यात पिंपळाची मुळे बोटाएवढी जाड. एकेका पावसाळ्यात ती किती आत जातात, ते बघून जीव कळवळतो.

या कोटात इटलीची माणसे येऊन गेली. कोट होण्याआधी बोलोन्याचा लुदोव्हिको द व्हार्थेमा चौलला आला. १५६०च्या दशकात व्हेनिसचा चेझारे फेदेरिची, १६२०च्या दशकात रोमचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले. त्यांच्याही आधी, १०व्या शतकात, बगदादचा अल् मसूदी इथे होता. त्याच्या सैमूरमध्ये, म्हणजे चौलमध्ये, सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेल्या घराण्यांची मिळून १० हजारांची मुसलमान वस्ती होती आणि राज्य शिलाहारांचे.

रेवदंड्याहून चौल चालत जावे. आगरांमधून वळणे घेत जाणारा तो रस्ता दुपारीही सावलीचा असतो. रामेश्वराचे देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी ही बसायची जागा. सभामंडपात झाकलेली कुंडे आहेत. त्यांतले पर्जन्यकुंड दुष्काळात उघडले की पाऊस येतो, अशी गावाची श्रद्धा. हमामखाना विचारत विचारत जावे लागते. झाडीत बुडालेल्या घुमटांना वर भोके ठेवली आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे खालच्या गार अंधारात पडतात. गरम खोली, कोमट खोली, उजेड फक्त वरून, ही रीत रोमन स्नानगृहांची. तिथून ती अरब-तुर्कांकडे गेली आणि त्यांच्यासोबत चौलला आली. इस्तंबूलला अशाच हमामात अंग धुवायला पर्यटक रांगा लावतात. आपल्याकडे त्याच्या दारात साधी पाटी नाही.

हेच मला सलते. तिकीट नसावे, हे माझे मत पक्के आहे. शाळेच्या मुलाने खिसा चाचपल्याशिवाय हे सगळे बघितले पाहिजे. पण तिकीट नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे चालणार नाही. मनोऱ्यावरची झाडे मुळासकट काढून सांधे चुन्याने भरणे, हमामाला पाटी, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, आणि पेण, नागोठणे, रोहा, रेवदंडा या चार ठिकाणी एकेक फलक: कुठली गाडी कुठे जाते, परतीची शेवटची कधी. कोट्यवधींचा प्रकल्प नको. शेवटच्या गाडीची खात्री नसल्यामुळे कित्येक कुटुंबे खासगी गाडी करतात आणि सहलीचा निम्मा खर्च तिथेच होतो.

त्या खर्चाचे थोडे. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, ७५च्या पुढे तिकीटच नाही. आधार कार्ड जवळ ठेवावे. लेकी, सुना, आजी-आजोबा असे घर निघाले तर तिकिटांची बेरीज फार खाली येते. चारपाच दिवस फिरायचे असेल तर महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास हिशेबात घ्यावा. एका दिवसात उरकायचे असेल तर पेण-वडखळ-पोयनाड-अलिबाग-रेवदंडा हा जवळचा रस्ता आहेच. भरती-ओहोटीची वेळ जुळली तर अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन येता येते, तिथे किरकोळ तिकीट आहे. पण दोन रात्री काढता आल्या तर नागोठणे आणि रोहा गाळू नये. शेवटच्या जेवणाला या भागातला पांढरा कांदा मिळाला तर कच्चा खावा. तो इतका गोड असतो की डोळ्यांत पाणी येत नाही.

बेत मार्गशीर्षात आखावा. दत्तजयंतीला चौलच्या डोंगरावर पाच दिवस यात्रा भरते. सातशेच्या वर पायऱ्या, दोन्ही बाजूंना मिठाईची आणि खेळण्यांची दुकाने, वरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला चौलच्या वाड्या. त्या पाच दिवसांत गर्दी असते, पण गाड्याही जास्त असतात आणि परतायला उशीर झाला तरी स्टँडवर अडकून पडायची वेळ येत नाही. पायऱ्या पहाटे चढाव्यात, उतरून रामेश्वर बघावे, दुपारी सातखणी, आणि ऊन कलले की साळावचा पूल चालत ओलांडून रोह्याच्या एसटीत बसावे.